बाद झालेला गडी

(एपिसोडचं हे लेखी रूप. लोकलच्या गर्दीत ज्यांना ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना झालेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज ना कोडबद्दल बोलायचंय, ना इंटरव्ह्यूच्या तयारीबद्दल. आज कबड्डीबद्दल बोलायचंय. नेमकं सांगायचं तर यू मुंबाबद्दल, आमच्या घराबद्दल, आणि २०२४ ला मी घरच्यांपासून महिनाभर लपवलेल्या एका गोष्टीबद्दल.

तर मी घाटकोपरची. पूर्वेला, पंतनगरला म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आमचं घर. आई, पप्पा, मी आणि धाकटा भाऊ. आधी आजी पण होती. पप्पा एलबीएस रोडवरच्या एका कंपनीत फिटर होते. आणि त्याआधी, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी, ते कबड्डी खेळायचे. मंडळाकडून, मातीत, उजवा कोपरा. मोठे खेळाडू वगैरे नव्हते. रेल्वेत किंवा बँकेत खेळाडू म्हणून नोकरी लागेल, अशी त्या वेळी प्रत्येक पोराला आशा असायची, तशी त्यांनाही होती. लागली नाही. गुडघा गेला, लग्न झालं, खेळ संपला. घरात त्याची एकच खूण, उजव्या गुडघ्यावरचा पांढरा व्रण. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या पप्पांना तो असतो.

पप्पा कमी बोलतात. म्हणजे किती कमी, तर मी दहावीला ९१ टक्के मिळवून घरी आले तेव्हा म्हणाले, "बरं झालं." आणि पेढे आणायला गेले. आमच्यात रोजचा संवाद म्हणजे "जेवलीस?", "हो", "दार लावून घे." तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असंच असणार, मला माहितीये.

मग आलं २०१४. आमच्या घाटकोपरला मेट्रो सुरू झाली ती जूनमध्ये, आणि २६ जुलैला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. पहिलीच मॅच यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. माझी बारावी होती. बारावी आणि जेईई, त्यामुळे टीव्हीवर बंदी. बंदी घालणारे पप्पाच. आणि त्या दिवशी संध्याकाळी मी आत फिजिक्स करतेय, तर बाहेरून टीव्हीचा आवाज. बाहेर येऊन बघते तर पप्पा स्टुलावर, टीव्हीपासून दोन हातांवर बसलेले. मला बघून म्हणाले, "बस. पण फक्त ही एकच मॅच."

आपण ४५-३१ ने जिंकलो. आणि ती एक मॅच अकरा सीझन चालली.

मला काहीच कळत नव्हतं. पप्पा समजावत होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सलग वीस मिनिटं बोलताना ऐकलं. टीव्हीवाले म्हणायचे ऑल आऊट, पप्पा म्हणायचे "लोण". टीव्हीवाले म्हणायचे चेन टॅकल, पप्पा म्हणायचे "साखळी". आजी तर सगळ्याच खेळाला हुतूतू म्हणायची. "बूट घालून कसली हुतूतू?" हा तिचा कायमचा प्रश्न. कारण मॅटवर बूट लागतात आणि तिने आपल्या मुलाला आयुष्यभर अनवाणी, मातीने माखून घरी येताना बघितलेलं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एक नियम सांगते, कारण पुढे तो लागणार आहे. एका बाजूला सात जण. चढाई करणारा समोरच्या अंगणात जातो, त्याच्याकडे तीस सेकंद. शिवून परत आला तर जितक्यांना शिवला तितके बाद. पकडला गेला तर तो बाद. बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो. पण क्रिकेटसारखं नाही, की आऊट झालास तर पॅड काढ आणि डगआऊटमध्ये चहा पी. कबड्डीत बाद झालेला परत येतो. आपल्या बाजूने समोरच्या एकाला बाद केलं की आपला एक जिवंत होतो. ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत.

मी पप्पांना विचारलं होतं, "मग बाहेर बसलेल्याने काय करायचं?"

ते म्हणाले, "काही नाही. त्याला काही करता येत नाही. बाकीच्यांनी आणायचं असतं त्याला."

तेव्हा मी फक्त मान हलवली. फिजिक्स राहिलं होतं.

त्या सीझनची फायनल होती ३१ ऑगस्टला, रविवार. गणपतीचा तिसरा दिवस. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, घर पाहुण्यांनी भरलेलं. फायनल मुंबईतच आणि आपणच खेळतोय. आरती लवकर उरकली. आईने नैवेद्य दाखवला आणि सगळे टीव्हीसमोर. एका खोलीत चौदा माणसं, एक पंखा, मखरातले दिवे. आणि जयपूरने आपल्याला ३५-२४ ने हरवलं. अकरा गुणांनी. कोणी बोलेना. शेवटी आजी गणपतीकडे बघून म्हणाली, "घरात बसूनसुद्धा काही केलं नाहीस हो." आणि सगळे हसले.

पुढच्या वर्षी जिंकलो. २३ ऑगस्ट २०१५, फायनल परत मुंबईत, बेंगळुरू बुल्सना ३६-३०. मी नुकतीच बीटेकच्या पहिल्या वर्षाला माटुंग्याला जायला लागले होते. कर्णधार अनुप कुमार. ज्यांनी त्याला बघितलंय त्यांना आठवेल, हा माणूस कधी चिडायचाच नाही. पकडला गेला तरी चेहरा तोच, बोनस घेऊन आला तरी चेहरा तोच. पप्पांना तो त्यामुळेच आवडायचा. आणि विशाल माने, रिशांक देवाडिगा ही आपली मुंबईच्या मैदानांवरची पोरं. पप्पांना त्यांची नावं टीव्हीच्या आधीपासून माहीत होती. कप उचलला तेव्हा पप्पांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, काही बोलू नकोस.

मार्च २०१६ ला तिसरी फायनल. पाटणा पायरेट्स ३१, आपण २८. तीन सीझन, तीन फायनल, एक कप. मला वाटलं हे असंच चालणार. अठरा-एकोणीसच्या वयात सगळंच असं वाटतं.

मग दोन सीझन प्लेऑफच नाही. २०१८ ला परत आलो. त्या वर्षीची गंमत सांगते. ऑगस्टमध्ये जकार्ताला एशियन गेम्स होते. १९९० पासून सातही वेळा कबड्डीचं पुरुषांचं सुवर्ण आपलं. आणि त्या वर्षी सेमीफायनलला इराणने आपल्याला २७-१८ ने हरवलं. इराणच्या बचावात फझल अत्राचली. पप्पांनी टीव्ही बंद केला आणि दोन दिवस त्या माणसाचं नाव काढू दिलं नाही. आणि ऑक्टोबरमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तर यू मुंबाचा कर्णधार कोण? फझल अत्राचली. एक कोटीला घेतलेला. पहिल्या मॅचला पप्पा गप्प. दुसऱ्या मॅचला त्याने डाव्या कोपऱ्यातून एकाचा घोटा असा धरला की पप्पा स्टुलावरून उठले. "पकड बघ पोराची!" दोन महिन्यांत दुश्मनाचा पोरगा झाला.

त्याच सीझनला चंदगडचा सिद्धार्थ देसाई पहिल्यांदा खेळला आणि चढाईचे २१८ गुण घेऊन गेला. आई कोल्हापूर जिल्ह्यातली, त्यामुळे तिलाही अचानक कबड्डीत रस आला. आणि डिसेंबरअखेर कोचीला एलिमिनेटर. समोर यूपी योद्धा, आणि त्यांचा कर्णधार आपलाच जुना रिशांक. २९-३४. बाहेर. आई म्हणाली, "आपल्याच पोराने हरवलं, जाऊ दे." ही तिची पद्धत आहे. तिचं प्रत्येक वाक्य "जाऊ दे"वर संपतं, पण ती काही जाऊ देत नाही. हे पुढे कळेल.

२०१९ ला मला नोकरी लागली. अंधेरीच्या बाजूला ऑफिस, घाटकोपरहून मेट्रो. तीन महिने झाले होते. आता तेव्हाची प्लेऑफची पद्धत नीट समजून घ्या. पहिल्या सहा टीम आत. त्यातल्या पहिल्या दोन थेट सेमीफायनलला. बाकी चौघींना एलिमिनेटर. एक मॅच हरलात की घरी. १४ ऑक्टोबरला आपण हरियाणा स्टीलर्सना ४६-३८ ने हरवलं. १६ तारखेला, बुधवारी, बेंगाल वॉरियर्सशी सेमीफायनल.

शेवटची काही मिनिटं बाकी होती. आजी जपमाळ घेऊन, भाऊ पलंगावर उभा. आणि माझा फोन वाजला. टीम लीड. प्रॉडक्शनला काहीतरी पडलं होतं आणि ज्या भागात पडलं तो कोड मी लिहिलेला. लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर लॅपटॉप, बाजूला कणकेची परात. चाळीस मिनिटांनी बाहेर आले तर टीव्ही बंद. मी पप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, "दोनने." ३५-३७. एवढंच. आणि मग विचारलं, "तुझं झालं का नीट?"

मी म्हटलं, झालं.

"मग बरं."

त्यानंतर माझा फोन हा आमच्या घरातला एक विनोदच झाला. पुढे मी कंपनी बदलली, नवीन ठिकाणी ऑन-कॉल होतं. म्हणजे काय, तर दर तीन आठवड्यांनी एक आठवडा सर्व्हरचं काही बिघडलं तर रात्री-अपरात्री उठायचं. आणि बाकीच्या आठवड्यांत पण कोणी ना कोणी कॉल करायचंच. त्या ॲपचा अलार्म इतका भयंकर होता की पप्पांनी त्याचं नाव ठेवलं भोंगा. कंपनीत पाळी सुरू होताना वाजायचा तो भोंगा. "तुझा भोंगा वाजला", "आज भोंगा शांत आहे", असं. मॅच चालू असताना वाजला की सगळे माझ्याकडे असे बघायचे, जशी चढाई मीच फसवली.

मधली वर्षं भरभर सांगते. कोव्हिडमध्ये आजी गेली. कोव्हिडने नाही, वयाने. डिसेंबर २०२१ ला सीझन आला, बेंगळुरूला, प्रेक्षकांशिवाय. रिकाम्या हॉलमध्ये खेळाडूंचा कबड्डी-कबड्डी असा दम स्पष्ट ऐकू यायचा. घरात आजीची खुर्ची रिकामी. त्या वर्षी प्लेऑफ नाही, पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. तरी आम्ही बघायचो. मला कोणीतरी विचारलं होतं, हरणारी टीम कशाला बघता? मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर असं होतं की पप्पा दिवसभरात माझ्याशी जितकं बोलायचे त्यातलं निम्मं त्या एका तासात असायचं.

आता मुद्द्यावर येते.

२०२३ मध्ये आम्ही कल्याणला फ्लॅट बुक केला. वन बीएचके. कर्ज माझ्या नावावर, सोबत पप्पांची सही. हप्ता ३१ हजार. भाऊ इंजिनिअरिंगला, त्याची फी. सगळं माझ्या पगारावर बसवलेलं. आणि नोव्हेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात एका मंगळवारी सकाळी मला एक मीटिंग आली. विषय नाही, पंधरा मिनिटं. ती बारा मिनिटांतच संपली. आमच्या टीममधले नऊ जण गेले, त्यात मी. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप लॉक. दोन महिन्यांचा पगार मिळणार होता.

मी घरी सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचा मी खूप विचार केलाय. लाज, हे एक. पण त्याहून मोठं म्हणजे मला वाटलं, आधी दुसरी नोकरी मिळवू आणि मग सांगू. "गेली होती, पण मिळाली." एका वाक्यात. दु:ख आणि उपाय एकत्र. आपण इंजिनिअर ना, बग सांगायचा तर फिक्स सोबत घेऊनच जायचं.

म्हणून रोज सकाळी नऊला निघायचे. आईने दिलेला डबा घेऊन. मेट्रोच्या जिन्याकडे वळायचे आणि पुढून स्टेशनवर उतरून मुलुंडची गाडी पकडायचे. मुलुंडला एक अभ्यासिका आहे, महिन्याचे पैसे भरून बसायची. आजूबाजूला एमपीएससीची पोरं. ती पुस्तकं घेऊन, मी भावाचा जुना लॅपटॉप घेऊन. दिवसाला सात-आठ अर्ज, मग लीटकोड, मग डबा, मग परत अर्ज. साडेसातला घरी. "दमलीस?" "हो." ते खोटं नव्हतं. नोकरी करताना जितकी दमायचे त्याहून जास्त दमायचे.

आणि गंमत बघा, त्याच महिन्यात यू मुंबा जिंकायला लागली. सुनील कुमार कर्णधार, चढाईला अजित चौहान. पाच वर्षांनी प्लेऑफ. २६ डिसेंबर, गुरुवार, बालेवाडीला एलिमिनेटर, पाटणा पायरेट्सशी. म्हणजे २०१६ ला जे आपल्याशी फायनल जिंकले तेच.

पप्पा म्हणाले, "पुण्यालाच आहे."

एवढंच म्हणाले. पण मला कळलं. त्यांनी आयुष्यात एकही प्लेऑफ समोर बसून बघितली नव्हती. मी दोन तिकिटं काढली. आईने विचारलं, "ऑफिस?" मी म्हटलं, सुट्टी टाकलीय. आईने काही म्हटलं नाही.

दुपारी रिक्षाने चेंबूरला मैत्री पार्क, तिथून पुण्याची बस. पप्पांनी भावाची केशरी जर्सी शर्टाच्या आत घातली होती. वर शर्टाची सगळी बटणं लावलेली. बालेवाडीत हॉलच्या बाहेर आल्यावर शर्ट काढून पिशवीत ठेवला. साठी ओलांडलेला माणूस, केशरी जर्सी, पोट थोडं पुढे. मी फोटो काढला तर म्हणाले, "कुठे टाकू नकोस."

पहिली मॅच एकतर्फी झाली. यूपीने जयपूरला ४६-१८ ने उडवलं. पप्पा मात्र मॅच कमी आणि मॅट जास्त बघत होते. "यावर पडलं तर गुडघा फुटत नाही," असं म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आमच्या वेळी असतं तर." पुढचं बोलले नाहीत.

मग आपली मॅच. काय सांगू. पाटण्याचे देवांक आणि अयान, दोघंही त्या सीझनला पेटलेले. देवांकने तर त्या सीझनला चढाईचे तीनशेच्या वर गुण घेतले. आपण मागे पडलो ते मागेच राहिलो. २३-३१. पण टीव्हीवर जे दिसत नाही ते मला तिथे दिसलं. बाहेर बसलेले बाद खेळाडू. कॅमेरा चढाईवर असतो, त्यांच्यावर नसतो. ते मॅटच्या कडेला रांगेत बसतात, पुढे वाकून, हात गुडघ्यांवर. प्रत्येक पकडीला अर्धे उठतात. आपल्या बाजूने गुण मिळाला की रांगेतला पहिला एकदम पळत आत. आणि उरलेले एक-एक जागा पुढे सरकतात. मी त्या रांगेकडेच बघत होते. माझ्या शेजारी पप्पा मला बघत होते, हे मला नंतर कळलं.

मॅच संपली. रात्री उशिरा आम्ही वाकडच्या पुलाजवळ हायवेला मुंबईच्या बसची वाट बघत उभे. थंडी होती. टपरीवर चहा घेतला. पप्पांनी जर्सीवर परत शर्ट चढवला होता. मी म्हटलं, "वाईट हरलो."

ते म्हणाले, "हं." मग चहाचा एक घोट. मग म्हणाले, "महिना झाला, तुझा भोंगा वाजला नाही."

मी काही बोलले नाही.

"आधी मला वाटलं सुट्टीचा आठवडा असेल. मग दुसरा गेला. तिसरा गेला."

मग मी सांगितलं. सगळं. मीटिंग, नऊ जण, मुलुंड, अभ्यासिका. रडले पण. टपरीवाला दुसरीकडे बघायला लागला. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ओरडतील, किंवा डोक्यावरून हात फिरवतील, पिक्चरमध्ये फिरवतात तसा. त्यांनी विचारलं, "हप्ता किती तारखेला जातो?"

"पाच."

"किती महिने निघतील?"

"मार्चपर्यंत. ओढून."

"आईला मी सांगू, की तू सांगतेस?"

मी म्हटलं, आईला नको ना इतक्यात. मिळाली की सांगू.

तेव्हा ते जे बोलले ते मला माहीत नव्हतं. आमच्या घरी आई डबे करते. मला आठवतंय तेव्हापासून करते, दहा-बारा डबे रोज. मला कायम वाटायचं तिला आवड आहे. पप्पा म्हणाले, "कंपनीला टाळं लागलं २००२ ला. तू पाच वर्षांची. मी त्याच संध्याकाळी येऊन तिला सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. घाबरलीच. रात्रभर झोपली नाही. सकाळी उठली आणि खालच्या वाण्याकडून उधारीवर दहा किलो गहू आणले. मी नसतं सांगितलं तर तिने काय केलं असतं?"

बस आली. खोपोलीपर्यंत कोणी बोललं नाही. मग पप्पा झोपले, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. हेही पहिल्यांदाच.

सकाळी आईला मीच सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, परत सुरू झालं. म्हणाली, "तरीच डब्यातली भाजी उरायला लागली होती." मग म्हणाली, "जाऊ दे." आणि मी आधी सांगितलंय, ती जाऊ देत नाही.

पुढच्या आठवड्यात तिने चार डबे वाढवले. पप्पांनी त्यांची एक एफडी मोडली, त्यातून दोन हप्ते भरायचे ठरले. मी नाही म्हटलं तर म्हणाले, "कर्जावर माझी पण सही आहे." भावाने त्याचा नवा लॅपटॉप मला दिला आणि माझ्याकडचा जुना घेतला. त्याच्याकडे प्रोजेक्ट होता, तरी दिला. आणि मी मुलुंडला जायचं बंद केलं. घरी बसून अर्ज करायला लागले. दार उघडं ठेवून.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आईने सगळ्यांना सांगितलं. म्हणजे सगळ्यांना. भाजीवाली, खालचा वाणी, डबे घेणारे. मी चिडले. ती म्हणाली, "चोरी केलीस का? नोकरी गेलीय." जानेवारीत तिने माझा रेझ्युमे भावाकडून छापून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि एका डब्याच्या पिशवीत ठेवला. विक्रोळीला राहणारा एक मुलगा, चार वर्षं आमचा डबा खातो. तो कुठेतरी कॉम्प्युटरमध्ये आहे एवढंच तिला माहीत होतं. त्या मुलाने संध्याकाळी मला फोन केला. "काकूंनी भेंडीसोबत तुमचा रेझ्युमे पाठवलाय." त्याच्या कंपनीत जागा नव्हती, पण त्याने तो पुढे कोणाला तरी दिला. त्या माणसाने अजून पुढे.

मी स्वतः १४० च्या वर अर्ज केले होते. त्यातून चार इंटरव्ह्यू आले, चारही ठिकाणी नाही. मार्चमध्ये मला जी नोकरी मिळाली, ती भेंडीच्या डब्यातून मिळाली. पगार आधीपेक्षा कमी आहे, हे पण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं गोड झालं. ऑफिस ऐरोलीला, बसचा धक्का रोजचा. एफडी अजून परत भरायचीय. पण हप्ता एकही चुकला नाही.

मी हे का सांगतेय? कारण हा एपिसोड ऐकणाऱ्यांमध्ये कोणीतरी आत्ता बॅग घेऊन घरातून निघालेलं असणार. ऑफिसला न जाता. कॅफेमध्ये, लायब्ररीत, गाडीच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन परत. मला माहितीये, कारण अभ्यासिकेत माझ्या दोन टेबलं सोडून असाच एक जण होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं होतं आणि दोघंही कधी बोललो नाही.

त्याला आणि तुम्हाला मला एवढंच सांगायचंय. मी महिनाभर बाहेर बसून एकटीने परत आत यायचा प्रयत्न करत होते, आणि माझ्या बाजूच्या तिघांना मी बाद आहे हेच माहीत नव्हतं. ते खेळणार तरी कसे? २०१४ ला पप्पांनी नियम सांगितला होता तेव्हा माझं लक्ष फिजिक्सकडे होतं. त्यात कमीपणा काही नाही, तो नियमच आहे. मॅटवरचा सगळ्यात भारी चढाईपटूसुद्धा बाद झाल्यावर कडेला बसतो आणि दुसऱ्या कोणीतरी घोटा धरायची वाट बघतो.

अजून एक. कोणाला सांगायचं असेल आणि तोंड उघडत नसेल, तर समोरासमोर बसू नका. शेजारी बसा. मॅच लावा, क्रिकेट असो, फुटबॉल असो, काहीही. दोघांची नजर टीव्हीकडे असली की बोलणं सोपं जातं. आमच्या घरात पहिल्या सीझनपासून तसंच चाललंय. आणि ते जेव्हा विचारतील "जेवलीस का", तेव्हा कधी कधी ते दुसरंच काहीतरी विचारत असतात, हे लक्षात ठेवा.

२०२५ ला गणपती २७ ऑगस्टला होता आणि प्रो कबड्डीचा बारावा सीझन २९ ला सुरू झाला. म्हणजे परत तिसरा दिवस, परत पाहुण्यांनी भरलेलं घर. पहिल्या अकरा सीझनमध्ये सहा वेळा प्लेऑफ आणि कप एकच, असा आमचा हिशोब होता. त्या वर्षी काय होईल माहीत नव्हतं. आजी असती तर तिने आधीच गणपतीला दम दिला असता.

एक अडचण होती. त्या आठवड्यात ऑन-कॉल माझ्याकडे होतं. मी पप्पांना सांगितलं, मॅचमध्ये भोंगा वाजणार बहुतेक.

ते म्हणाले, "वाजू दे."

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या, आणि घरी फोन करा.